सहीचा अधिकार

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाची चर्चा बहुधा दोनच अंगांनी होते: पगारवाढीची मागणी आणि डॉ. दत्ता सामंत यांचे व्यक्तिमत्त्व. सुमारे अडीच लाख कामगारांच्या या लढ्याच्या मुळाशी मात्र आणखी एक प्रश्न होता. कामगारांच्या वतीने करारावर सही कोणी करायची?

कायद्याने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना मालकांशी वाटाघाटी करू शके. तिने केलेला करार सभासद नसलेल्या कामगारांवरही बंधनकारक ठरे. मुंबईच्या कापडगिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. या व्यवस्थेमागील युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. संघटनांच्या चढाओढीत उद्योग ठप्प होऊ नये, सर्व गिरण्यांत अटी समान राहाव्यात, असे तिचे समर्थन केले जाई. परंतु प्रतिनिधित्व ठरे ते सभासदनोंदीवरून, कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे.

हा विरोध नवा नव्हता. याच परंपरेतील आधीच्या औद्योगिक कलह कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्ट आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला होता. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी बाबासाहेबांची विधिमंडळातील भूमिका होती.

१९८१ मधील बोनसच्या तडजोडीवर नाराज झालेले गिरणी कामगार सामंतांकडे वळले, त्याचे कारणही करारांतच आहे. अभियांत्रिकी कारखान्यांत हा कायदा आड येत नसे. तेथे सामंतांनी भरघोस वाढीचे करार करून दाखवले होते. गिरण्यांत मात्र एवढा समुदाय पाठीशी असूनही त्यांच्या सहीला कायदेशीर किंमत नव्हती. हा कायदा रद्द करा, ही म्हणूनच संपाची एक प्रमुख मागणी बनली.

संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही आणि त्याच्या अखेरीस तडजोडीचा करारही झाला नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मधील कुटुंबाची परवड शिकवताना ही बाजू विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवी. ती माणसे केवळ बेकार झालेली नाहीत; आपल्या श्रमाच्या अटी आपल्या प्रतिनिधीकरवी ठरवण्याचा हक्कही त्यांना मिळालेला नव्हता.