वाटाण्याचे एक मिनिट

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात एक गोष्ट हमखास येते. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला, कोऱ्या फिती आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र मागवले आणि १ एप्रिलला ते परतले. सामान हाती आल्यावर त्यांनी थेट कथापटाला हात घातला नाही. दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभर रोज एक चित्र घेत ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटाहून थोडी मोठी फीत तयार केली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्ज देऊ केले आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला.

मीही ही गोष्ट अनेकांना सांगितली आहे. एकदा सहज हिशेब मांडला आणि अडखळलो. त्या काळी पडद्यावरून सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकत. महिनाभर रोज एक म्हणजे ३० चित्रे. ती दोन सेकंदांतच संपतात. मिनिटभराच्या फितीला ९६० चित्रे लागतात, म्हणजे रोजची ३२. ‘रोज एक चित्र’ आणि ‘एक मिनिट’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. फीत हाती असती तर चित्रे मोजून प्रश्न मिटला असता. ती नाही, म्हणून प्रयोगच करून पाहायचे ठरवले.

रेडिओ उघडून जोडण्याचा छंद जुना असल्याने यंत्रणेची अडचण नव्हती. डिजिटल कॅमेऱ्याचे बटण ठरावीक वेळी आपोआप दाबले जावे, असे छोटे सर्किट घरीच जुळवले. वीज गेली तरी खंड पडू नये म्हणून त्याला बॅटरी दिली. डिसेंबरात शेगावच्या घरी दक्षिणेकडील खिडकीत कुंडी ठेवली. सकाळी ७ ते सायंकाळी ५.२०, दर २० मिनिटांनी एक, अशी दिवसाची नेमकी ३२ चित्रे होतात. पहिली पेरणी वाया गेली. तिसऱ्या दिवशी केर काढताना कुंडी चार बोटे सरकली आणि पडद्यावर रोपाने उडी मारली. पुन्हा पेरले, कुंडीभोवती खडूची रेघ ओढली आणि महिना पुरा केला.

त्या ९६० चित्रांतून मी तीन फिती जुळवल्या. पहिलीत रोज दुपारचे एकच चित्र घेतले. डोळा लवतो न लवतो तोच रोप उभे राहिले आणि फीत संपली. दुसरीत तेच चित्र ३२ वेळा घेऊन मिनिट भरून काढले. तेव्हा दर दोन सेकंदांनी नवे चित्र आले. जादूच्या कंदिलाच्या काचा बदलाव्यात तसे. वाढ कुठेच दिसली नाही. तिसरीत सगळी ९६० चित्रे लावली आणि रोप हलू लागले. वाटाण्याचा शेंडा वाढताना गोल फिरत आधार चाचपतो, आणि एक फेरा दोन तासांच्या आत पुरा करतो. डार्विनने हे फिरणे मोजून ठेवले आहे. दिवसातून एकदा पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ते दिसणे शक्य नाही. माझ्या तिसऱ्या फितीत शेंडा हवेत चाचपडत काडीपर्यंत गेला, तणाव्याने तिला विळखा घातला, आणि घरातली मंडळी जागची उठली नाहीत.

सावकाराने पैसे काढावेत असे काही असेल तर ते हेच. म्हणून मी मिनिटाच्या बाजूने कौल देतो. ‘रोज एक’ हे पुढे सांगण्याच्या सोयीने आले असावे. तपश्चर्येच्या कथेला ते शोभतेही. पण त्याने कष्ट वाढत नाहीत, घटतात. रोज एक चित्र हे क्षणाचे काम आहे. दिवसाला तीसेक चित्रे घ्यायची तर उजेड असेपर्यंत घरातल्या कोणी ना कोणी कॅमेऱ्याजवळ असावे लागते, कुंडी कोणी हलवू नये म्हणून पाहावे लागते, आणि फीत धुऊन निघेपर्यंत हाती काय लागले ते कळतही नाही. मला रोज संध्याकाळी चित्रे तपासता येत होती. फाळक्यांना ती सोय नव्हती.

कोरी फीत भोके नसलेली येई. ती अंधारात यंत्रातून काढून दोन्ही कडांना भोके पाडावी लागत. हे काम, फीत भरणे आणि धुणे सरस्वतीबाई फाळके शिकल्या होत्या. एका चित्राला दोन्ही बाजूंना चार-चार भोके. मिनिटभराच्या वाटाण्याला ६० फूट फीत आणि ७,६८० भोके. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. वाया गेलेली फीत सोडून द्या, नुसत्या तेवढ्या लांबीला ४,७३,६०० भोके होतात.

३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात लोकांनी हरिश्चंद्र पाहिला. सरस्वतीबाईंनी त्यासाठी दागिने दिले, हे आपण आदराने सांगतो. त्या वर्षीच्या हिशेबात दागिन्यांच्या ओळीखाली आणखी एक ओळ हवी: अंधाऱ्या खोलीतले तास.