दोन भाषांची गायिका

१५५२ च्या ऑक्टोबर महिन्यांत रशियाचा झार चौथा ईव्हान यानें कझान शहर जिंकलें आणि व्होल्गातीरावरील तातारांचें राज्य बुडालें. आज जिची ओळख करून द्यावयाची आहे, त्या गायिकेच्या कंठांत जेत्यांचीं आणि जितांचीं, दोघांचींहि गाणीं एकत्र नांदतात; आणि तीं ऐकावयास मिळतात ऑस्ट्रेलियांत!

तिचें नांव झुल्या कमालोवा. कामा नदीकांठच्या सारापुल शहरीं १९६९ सालीं तिचा जन्म झाला. १९९१ सालीं ती ऑस्ट्रेलियास गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघहि लयास गेला. प्रथम टास्मानिया बेटावरील होबार्ट, पुढें मेलबोर्न, असा तिचा प्रवास झाला.

तिच्या या दोन वारशांचा स्वभाव अगदीं निराळा. रशियन खेड्यांतील गाणें बहुधा समुदायाचें: एकानें उचलावें आणि इतरांनीं खालीं-वर आपापले सूर जोडीत जावें. तातारांचें जुनें गाणें एकट्याचें. त्यांत पांचच स्वर. 'ओझिन कोय', म्हणजे 'लांब चाल', या प्रकारांत गायक एकेका अक्षरावर इतका रेंगाळतो, त्याला इतक्या बारीक हरकतींनीं सजवितो कीं, आपल्या कानास तें परकें वाटत नाहीं. कांहीं चाली सा, रे, ग, प, ध या स्वरांवरच उभ्या असतात. त्यांस भूप म्हणण्याचा मोह मात्र आवरावा; स्वर तेच असले म्हणून राग तोच होत नाहीं. पुढें रशियनांचें गार्मोन हें भात्याचें वाद्य तातारांनीं असें आपलेंसें केलें कीं, तें आतां त्यांचेंच वाटतें.

लिपीच्या बाबतींत मात्र या भाषेचे हाल झाले. १९२७ च्या सुमारापर्यंत ती अरबी लिपींत लिहीत. मग रोमन आली, आणि १९३९ पासून रशियन. बारा वर्षांत तीन लिप्या! आजोबांची वही नातवास वाचतां येईना. गाण्याला लिपी लागत नाहीं, म्हणून तें टिकलें.

झुल्यानें मेलबोर्नमध्यें स्थानिक वादकांचा मेळ जमविला. ती जुनीं गाणीं गाते, स्वतः नवीं रचते, आणि एकल तातार चालींस वाद्यांची साथ देते. शुद्धतावाद्यांस हें खपणार नाहीं. पण संग्रहालयांतील गाण्यापेक्षां गात्या गळ्यांतलें गाणें मला बरें वाटतें. २००५ सालीं तिनें रशियन विषयांवरील गीतांची ध्वनिमुद्रिका काढली, आणि २००७ सालीं 'थ्री नाइट्स' या ध्वनिमुद्रिकेस तिकडील 'आरिया' पारितोषिक 'जागतिक संगीत' या सदराखालीं मिळालें. (जगाबाहेरचें संगीत कोणतें, हें तेथील परीक्षकांसच ठाऊक!)

इकडे मायदेशीं २०१७ नंतर तातारस्तानच्या शाळांत तातार भाषा ऐच्छिक झाली. रशियांत ती बोलणारे २०१० च्या जनगणनेंत सुमारें ४३ लाख होते; २०२१ च्या जनगणनेंत सुमारें ३३ लाखच उरले.