रकाना कोण आखतो? नांदेड-लातूरच्या शाळा, फसली सन आणि ‘अपार’

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली जमीन हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. जवळपास आठ हजार माणसे मरण पावली. मराठवाड्याला ही तारीख विसरता येत नाही.

देशाच्या शिक्षणाच्या इतिहासात मात्र याच तारखेची आणखी एक नोंद आहे. एनसीईआरटीच्या सहाव्या अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षणाची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर १९९३ हीच होती. म्हणजे त्या दिवशी देशातील प्रत्येक शाळेत किती मुले, किती शिक्षक, किती वर्गखोल्या आहेत, तेच ग्राह्य धरायचे होते. ज्या दिवशी देशभरातल्या शाळा मोजायच्या ठरल्या, त्याच दिवशी लातूर जिल्ह्यात गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली.

हा योगायोग आहे, त्यातून मोठा अर्थ काढायचे कारण नाही. पण देशभरच्या शाळांची माहिती एका नमुन्यात भरायची, तर एक तारीख, एक सांकेतांक आणि एकसारखे रकाने ठरवावे लागतात. गावावर त्या दिवशी काय ओढवले आहे, ते नमुन्याला कळत नाही. त्याला जे विचारले आहे, तेवढेच तो जाणतो. म्हणून रकाने कोण आखतो, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून देण्याइतका लहान नाही. नांदेड आणि लातूरकरांनी गेल्या शंभर वर्षांत असे तीन नमुने पाहिले. तिन्ही वेळा फायदा झाला आणि तिन्ही वेळा कुणीतरी रकान्याबाहेर राहिले.

पहिला नमुना: उर्दू आणि फसली

हैदराबाद संस्थानात १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि ती राज्यकारभाराची भाषा झाली. प्रजा मात्र मोठ्या संख्येने तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. नांदेड हा संस्थानचा जिल्हा; लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. शाळेची तपासणी, पटाचे तक्ते, शिक्षकांच्या नेमणुका, सगळा वरिष्ठ कारभार उर्दूत चाले. नाणे हाली सिक्क्याचे, सन फसली.

१९१८ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देणारे हे देशातील पहिले आधुनिक विद्यापीठ. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, पुस्तके तयार करण्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. त्यांचा मराठवाड्याशी जवळचा संबंध. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांनी अनेक वर्षे औरंगाबादेतून चालवले. विज्ञान, गणित, कायदा, वैद्यक या विषयांची शेकडो पुस्तके या विभागाने उर्दूत आणली. परिभाषा ठरवण्यासाठी विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत. वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा कशी घडवावी यावर ‘वज़-ए-इस्तिलाहात’ हे स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

आजच्या भाषेत सांगायचे तर हे प्रमाणीकरणाचे मोठे काम होते. वेगवेगळ्या गावच्या मुलांना एकाच संज्ञेसाठी एकच शब्द मिळावा, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा यांत फरक पडू नये, यासाठी एका राज्याने पैसा आणि विद्वान दोन्ही कामाला लावले. इंग्रजीशिवाय आधुनिक विद्या शिकवता येते, हे उस्मानियाने सिद्ध केले. उर्दूवर प्रेम करणाऱ्या कुणालाही त्याचा अभिमान वाटावा.

पण तेवढेच सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नांदेडच्या मराठी शेतकऱ्याच्या मुलासाठी हीच भाषा परकी होती. खालच्या इयत्तांत मराठी असली, तरी पुढे जायचे तर उर्दूचा डोंगर चढावा लागे. वर १९२०च्या दशकापासून खासगी शाळांवर परवानगीचे कडक निर्बंध आले. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत शिक्षक होते. शिक्षणातल्या याच कोंडीतून ते राजकीय लढ्याकडे वळले. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियातून काढलेले विद्यार्थी नागपूर विद्यापीठात गेले. उस्मानियाचा प्रयोग थोर होता आणि तो बहुसंख्य प्रजेवर अन्याय करणाराही होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. परिभाषा समितीत विद्वत्ता भरपूर होती. पण मराठी घरातल्या मुलाचे काय, हा प्रश्न त्या रचनेत कुणी विचारलाच नाही.

दुसरा नमुना: भाषा बदलली, पूल राहिला

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य. दहा-बारा वर्षांत कारभाराची भाषा, नाणे, सन, वजनमापे, अभ्यासक्रम, सगळेच बदलले. मराठी मुलासाठी दार उघडले. जी कोंडी रामानंद तीर्थांनी अनुभवली, ती फुटली.

मात्र जुन्या नमुन्यातून नव्यात येण्यासाठी पूल बांधायला हवा होता, तो बांधला गेला नाही. शाळेचे ‘दाखल-खारीज रजिस्टर’ घ्या. शब्द आजही तोच चालतो, पण निजामकाळच्या रजिस्टरातली उर्दू वाचणारा माणूस शाळेत उरला नाही. जन्मतारीख फसली सनात लिहिलेली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, असे ढोबळमानाने सांगतात. पण फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आज़ुर महिन्यापासून सुरू होई. त्यामुळे १३४६ फसलीतला बहमन महिना १९३६च्या डिसेंबरात येतो, तर त्याच वर्षीचा खुरदाद १९३७च्या एप्रिलच्या आसपास. एकात ५९० मिळवायचे, दुसऱ्यात ५९१. ज्याला हे ठाऊक नाही, तो माणसाचे वय एका वर्षाने चुकवतो. नोकरी, निवृत्ती, वारसा, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

नव्या नमुन्यातही वेगळ्या प्रकारची चूक शिरली. त्याला पूर्ण जन्मतारीख हवी होती आणि घरात ती कुणी लिहून ठेवलेली नसे. मग गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो त्यामुळेच. रकाना रिकामा ठेवता येत नसेल, तर माणूस त्यात काहीतरी भरतोच.

या न बांधलेल्या पुलाची किंमत २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. महसुली कागदांसोबत शाळांची जुनी रजिस्टरेही उघडली गेली आणि उर्दू, मोडी व फारसी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो. लाखो लोकांचे भवितव्य ज्या कागदावर अवलंबून आहे, तो कागद वाचायला माणूस मिळत नाही, ही अवस्था लाजिरवाणी होती. ज्या भाषेला ‘त्यांची’ भाषा म्हणून बाजूला सारले, तिच्यातच मराठा शेतकऱ्याच्या आजोबांची नोंद निघाली.

मुस्लिम समाजाला हा अनुभव जुना आहे. बागवान, पिंजारी, अत्तार, तांबोळी अशा जातींना ओबीसी सवलती मिळवायच्या तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुतेकदा शाळेतच सापडतो. आणि तिथे जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. १९९०च्या दशकात शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीला जे झगडावे लागले, त्याच्या मुळाशी हा एक शब्दही होता.

तिसरा नमुना: संगणकाच्या पहिल्या यादीत

भूकंपानंतर वर्षभरात, १९९४ मध्ये, केंद्राने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम म्हणजे ‘डीपीईपी’ सुरू केला. पहिल्या टप्प्यात सात राज्यांतील ४२ जिल्हे होते. स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असणे ही निवडीची मुख्य कसोटी. १९९१च्या जनगणनेत ही सरासरी ३९.२९ टक्के होती. महाराष्ट्रातून औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद निवडले गेले. पाचही जिल्हे जुन्या निजाम राज्यातले.

या जिल्ह्यांसाठी दिल्लीतल्या ‘नीपा’ संस्थेने शाळांच्या माहितीची संगणकीय व्यवस्था तयार केली. तिचे नाव ‘डाइस’. मुख्याध्यापकाने छापील नमुना भरायचा, केंद्रप्रमुखाने तपासायचा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तो संगणकात घालायचा. संदर्भ तारीख पुन्हा तीच, ३० सप्टेंबर. आज देशातल्या प्रत्येक शाळेला जो यू-डाइस क्रमांक आहे, त्याची सुरुवात इथली. ज्यांना मागासलेले म्हणतात, ते नांदेड आणि लातूर या बाबतीत देशाच्या पहिल्या तुकडीत होते.

यू-डाइस क्रमांकात ११ अंक असतात. पहिले दोन राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तालुका, गाव आणि शाळा. नांदेडच्या शाळेचा क्रमांक २७१५ ने सुरू होतो, लातूरचा २७२८ ने. माध्यमालाही अंक आहे: मराठीला १०, उर्दूला १८. शाळेचे नाव कुणी कसेही लिहो, अंक बदलत नाही. दुर्गम तांड्यावरची शाळा आणि शहरातली शाळा एकाच तक्त्यात शेजारी येतात. कुठे मुलींसाठी शौचालय नाही, कुठे एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, हे दिल्लीला दिसू लागते.

मोजणीचे महत्त्व मुस्लिमांना २००६ मध्ये कळले. सच्चर समितीचा अहवाल आला आणि त्याच सुमारास डाइसमध्ये मुस्लिम मुलांच्या पटाची नोंद होऊ लागली. तोपर्यंत आपण सभांमध्ये ‘मुलं शाळेत टिकत नाहीत’ असे म्हणत होतो, समोरचे नाही म्हणत होते, आणि दोघांकडेही शाळानिहाय आकडा नव्हता. तो रकाना आला आणि वाद भावनेवरून पुराव्यावर आला. म्हणून मी नमुन्यांच्या विरोधात नाही. ज्याची मोजणी होत नाही, त्याच्यासाठी खर्चाची तरतूद होत नाही.

शेख रुखसाना शेख इस्माईल

२०१२-१३ मध्ये प्राथमिक आणि माध्यमिकच्या वेगळ्या व्यवस्था एकत्र होऊन यू-डाइस झाले. २०१५ मध्ये महाराष्ट्राने स्वतःची ‘सरल’ प्रणाली आणली. २०२१ मध्ये केंद्राने शिक्षणातील सर्व संगणकीय व्यवस्था एकमेकींशी बोलाव्यात म्हणून ‘एनडिअर’ हा आराखडा जाहीर केला. आता प्रत्येक विद्यार्थ्याला १२ अंकी ‘अपार’ क्रमांक मिळतो आहे. पूर्वी शाळा मोजली जाई, आता एकेक मूल मोजले जाते. आणि इथे नाव आडवे येते.

आपल्या भागात मुलीचे नाव ‘शेख रुखसाना शेख इस्माईल’ असे लिहितात. शेख आधी, मग मुलगी, पुन्हा शेख, मग वडील. संगणक विचारतो: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. यातले आडनाव कोणते? एका गुरुजींनी शेख शेवटी टाकला, आधार केंद्रावरच्या मुलाने सुरुवातीला. ‘फातिमा’ कुठे ‘फातेमा’ झाली, कुठे ‘फातमा’. उर्दूत तिन्ही एकच. आईच्या नावापुढचे ‘बी’ किंवा ‘बेगम’ एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. अपारसाठी शाळेतले नाव आणि आधारवरचे नाव जुळावे लागते. जुळले नाही की पालकाची मजुरी बुडते, तालुक्याच्या फेऱ्या सुरू होतात. शिक्षकांची संचमान्यता आधार जुळलेल्या पटावर होऊ लागल्यापासून तर शाळेतल्या शिक्षकाचे पदही या स्पेलिंगवर लटकते. बंजारा आणि तेलुगू भाषक घरांतही नावांची हीच ओढाताण होते.

यात कुणाचा दुष्ट हेतू आहे असे मला वाटत नाही. रकाने आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नावाची एकच पद्धत होती, इतकेच. दारुल तर्जुमातल्या विद्वानांचाही हेतू वाईट नव्हता.

उपाय अवघड नाहीत. नावाचा एकच सलग रकाना ठेवा आणि लेखनातला फरक हा गुन्हा समजू नका; मुख्याध्यापकाच्या दाखल्यावर तो मिटवता यावा. नांदेड-लातूरच्या शाळांमधली उर्दू आणि मोडी रजिस्टरे कसर लागण्यापूर्वी छायांकित करा, शेजारी मराठी वाचन आणि इसवी तारीख द्या. आणि पुढचा नमुना ठरवताना ज्या मुख्याध्यापकाला तो भरायचा आहे, त्याला बैठकीत बसवा. उर्दू शाळेतल्या आणि तांड्यावरच्या शाळेतल्याही.

अपार ही काही शेवटची व्यवस्था नाही. तीस-चाळीस वर्षांनी तीही जुनी होईल आणि कुणीतरी रुखसानाची नोंद शोधत येईल. त्या वेळी ती वाचता आली पाहिजे. ही तजवीज आज करायची आहे, आणि गेल्या वेळी आपण ती केली नव्हती.