काळा पडदा आणि दोन आकडे

"लिनक्स अवघड आहे बुवा!" ही कीर्ती पसरली त्यात मोठा वाटा काळ्या पडद्याचा. सगळं नीट बसायचं, आणि चित्र मात्र दिसायचं नाही.

लिनक्सवर खिडक्या दाखवणारी एक्स प्रणाली १९८४ साली एमआयटीत जन्मली. घरगुती पीसीवर ती पोचवली १९९२ मध्ये सुरू झालेल्या एक्सफ्री८६ च्या हौशी मंडळींनी, तेही फुकट. पण मॉनिटरला काय झेपतं ते आपणच एका फाइलीत लिहून द्यायचं: सेकंदाला आडव्या रेघा किती आणि पूर्ण चित्रं किती. आकडा चुकला की चित्र फाटायचं, गरगरायचं. काही जुने मॉनिटर तर कायमचे बिघडू शकत. हे आकडे असायचे माहितीपुस्तिकेत. आता ती पुस्तिका कुणाच्या घरी जपून ठेवलेली असते, सांगा!

गंमत म्हणजे मॉनिटरने केबलमधूनच आपली ओळख सांगावी, हे व्हेसाने १९९४ मध्येच ठरवलं होतं. ते विचारून घ्यायची सवय सॉफ्टवेअरला लागायला मात्र वर्षं गेली.

२००४ मध्ये परवान्यावरून वाद पेटला आणि बहुतेक लिनक्सवाले एक्सफ्री८६ सोडून एक्स.ऑर्गकडे गेले. माझ्या मते ते भांडण पथ्यावरच पडलं. मार्च २००९ च्या २.६.२९ कर्नेलपासून, आधी इंटेलच्या चिपांवर, पडद्याची मापं कर्नेलच ठरवू लागलं. ती फाइल हळूहळू बहुतेकांच्या मशीनवरून गेलीच.

ग्राफिक्स कार्डांच्या बंदिस्त ड्रायव्हरांचं रामायण वेगळंच. ते पुन्हा कधीतरी.