अकरा महिन्यांची भीती

गेले दोन वीकेंड मी चक्क भाडे नियंत्रणाचे कायदे वाचण्यात घालवले. (बायकोचं मत: त्यापेक्षा माळा आवरला असतास तर बरं झालं असतं.) कारण साधं आहे. कोथरूडची आमची जुनी जागा रिकामी झाली, आम्ही आयुष्यात पहिल्यांदाच घरमालक व्हायला निघालो आणि चहूबाजूंनी सल्ले सुरू झाले. कंपनी लीज मिळतंय का बघ. बदलीवाला माणूस सगळ्यात उत्तम. वकील, पोलीस आणि पुढारी यांना दारातूनच नमस्कार. आणि काहीही झालं तरी अकरा महिन्यांच्या वर एक दिवस लिहू नकोस.

गंमत बघा, यातला एकही सल्ला 'हा माणूस भाडं वेळेवर देईल का' किंवा 'घर नीट ठेवील का' याबद्दल नाही. सगळा रोख एकाच प्रश्नावर आहे: हा उठेल का?

आमच्या धंद्यात असं नेहमी होतं. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट सापडते. ती कोणी घातली, का घातली, कोणाला ठाऊक नसतं आणि काढायची हिंमतही कोणात नसते. अशा वेळी जुन्या नोंदी उकरत मागे जायचं, कधीतरी ती अट घालणारा दिवस सापडतो. इथे तसे दोन दिवस सापडले. पहिला १ सप्टेंबर १९४०, दुसरा १ फेब्रुवारी १९७३.

पण त्याच्याही थोडं आधीपासून. मुंबईत भाड्यावर पहिला लगाम आला तो १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या भाडेवाढीमुळे. युद्धापुरता म्हणून केलेला हा कायदा १९२० च्या दशकाच्या अखेरीस संपला. त्यानंतरची काही वर्षं मालकांसाठी वाईटच होती. सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळींमधल्या कितीतरी खोल्या त्या काळात रिकाम्या पडून होत्या. आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक सांगायचे की तेव्हा दादरला इमारतींवर 'टू लेट'च्या पाट्या लटकत आणि मालकच भाडेकरूला चहा पाजत. आज हे परीकथेसारखं वाटतं, पण भाडेकरूने घर निवडायचं असाही एक काळ या शहराने पाहिला आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९३९ मध्ये, पुन्हा १९४४ मध्ये आणि शेवटी १९४७ मध्ये कायदे झाले. हा शेवटचा, १९४७ चा 'बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट', सगळ्यांचा बाप. त्याने प्रमाण भाडं ठरवलं ते मुख्यतः १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं ते. त्या वेळी ते चूकही नव्हतं. युद्ध, मग फाळणी, शहरात माणसांचे लोंढे, आणि चाळीचा मालक उद्या भाडं दुप्पट करील तर गिरणी कामगाराने जायचं कुठे? माझे आजोबा लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचा संसार करत होते. हा कायदा नसता तर माझे वडील मुंबईत शिकलेच नसते, हे मला मान्यच करायला हवं.

पण कायदा होता तात्पुरता. मुदत संपत आली की ती वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असं पन्नास वर्षं चाललं. भाडं तिथेच राहिलं आणि बाकी सगळं वाढत गेलं. मालकाने डागडुजी सोडली, कारण परवडतच नव्हती. शेवटी १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ काढून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. आजही 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द पावसाळ्यात पेपरात येतो, तो तिथला.

आता निवडीच्या दृष्टीने बघा. या कायद्याखाली भाडेकरूला काढायला कारण लागायचं: भाडं थकवलं, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, किंवा मालकाला स्वतःलाच खरोखर गरज आहे. शेवटच्या कारणातही कोर्ट बघणार की जास्त हाल कोणाचे होतात. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारे घरचे लोक भाडेकरू होणार. म्हणजे १९५० मध्ये तुम्ही एका माणसाला खोली दिलीत तर त्याच्या मुलालाही दिलीत आणि बहुतेक नातवालाही. भाडं ठरवण्यात तुमचा हात नाही आणि मुदत ठरवण्यातही नाही. मालकाच्या हातात उरला एकच क्षण, आत घेण्याचा. आयुष्यभराचा सौदा त्या एका क्षणात करायचा म्हटल्यावर सोयरीक जुळवताना करतात तशी चौकशी होणारच: गाव कुठलं, वडील काय करतात, कोणाच्या ओळखीने आलात.

आणि पागडी. महिन्याचं भाडं वाढवता येत नाही ना, मग सुरुवातीलाच एकरकमी घ्या! १९४७ च्या कायद्याने हा गुन्हा ठरवला होता, आणि अख्खं शहर तो गुन्हा बिनदिक्कत करत होतं. रोख, विनापावती. त्यामुळे निवडीला आणखी एक निकष आला: हा माणूस तोंड बंद ठेवील का?

यातून वाट काढली ती वकिलांनी. भाडेकरूला संरक्षण आहे ना, मग त्याला भाडेकरू म्हणायचंच नाही. त्याला फक्त 'वापरायची परवानगी' द्यायची. लीव्ह अँड लायसन्स ते हेच. कोर्टांना अर्थात हे कळत होतं. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या एका केशकर्तनालयाच्या खटल्यात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदावर लायसन्स लिहिलं म्हणून ते लायसन्स होत नाही, व्यवहाराचं खरं रूप बघायचं. तरी मुंबई-पुण्यात लायसन्सची पद्धत फोफावली. मालकही खूश आणि नडलेला माणूसही, निदान डोक्यावर छप्पर तरी मिळालं.

आणि मग १९७३. महाराष्ट्र सरकारने कायद्यात दुरुस्ती केली: १ फेब्रुवारी १९७३ ला जो माणूस चालू लायसन्सवर राहत असेल तो त्या दिवसापासून भाडेकरू. झालं! आदल्या रात्री पाहुणा म्हणून झोपलेला माणूस सकाळी कायमचा होऊन उठला. सरकारची बाजूही समजून घ्या, हजारो कुटुंबं वर्षानुवर्षं लायसन्सच्या नावाखाली खरंतर भाड्यानेच राहत होती आणि त्यांना कसलंही संरक्षण नव्हतं. पण मालकांनी घेतलेला धडा वेगळा होता. नीट वाचलं तर ही दुरुस्ती त्या एका तारखेपुरती होती, नंतर आलेल्या लायसन्सवाल्याला ती लागू नव्हती. ते कोण वाचतंय? लोकांनी लक्षात ठेवलं ते एवढंच, की सरकार एका रात्रीत असं करू शकतं. म्हणजे पुन्हाही करील.

मला वाटतं, वर दिलेले बहुतेक सल्ले या तारखेनंतर घट्ट झाले. कंपनी लीज का? कारण कंपनीचा साहेब बदलून जातो. बदलीवाला का? तेच. वकील का नको? कारण त्याला कोर्टाचा खर्च नाही. आणि ज्यांना हेही नको होतं त्यांनी सरळ कुलूप लावलं. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत याचे आकडे आहेत. भारतातल्या शहरांमध्ये भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. आणि २०११ च्याच जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. सगळा दोष भाडे कायद्याचा नाही, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली घरंही त्यात आहेत. पण जागेला तरसणाऱ्या शहरात पावणेपाच लाख कुलपं हे काही साधं प्रकरण नव्हे.

पुढचं भराभर सांगतो. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९४० वर गोठवलेलं भाडं आता अन्यायकारक झालंय. कायदा रद्द मात्र केला नाही, कारण त्याची मुदत लवकरच संपणार होती. (ती अर्थातच पुन्हा वाढवली गेली :-) ) शेवटी ३१ मार्च २००० पासून 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पागडी कायदेशीर झाली, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची दोन कलमं आली, २४ आणि ५५. कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची. नाही सोडली तर मालक साध्या दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जाणार.

आता अकरा महिन्यांचं कोडं सुटतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून अकरा महिने. पण महाराष्ट्रात २००० पासून करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणी करावीच लागते. म्हणजे ज्या कारणासाठी तो आकडा आला ते कारण इथे पंचवीस वर्षांपूर्वीच गेलं. आकडा राहिला. एजंटला विचारलं तर म्हणाला, "साहेब, फॉर्मॅटच तसा आहे."

इथपर्यंत मला फार बरं वाटत होतं. सगळे विचित्र प्रश्न एका जुन्या कायद्याच्या भीतीतून आले, कायदा बदलला, आता प्रश्नही जातील. पण मग १९१७ साल आठवलं.

त्या वर्षी परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. जागा सोडावी लागली. एक हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. तेव्हा बडोद्यात कुठला भाडे कायदा आडवा आला होता? तो भाडं देत होता, नोकरी संस्थानाची होती, म्हणजे आजच्या भाषेत अगदी 'कंपनी लीज'.

तेव्हा काही प्रश्न कायद्याच्या आधीचे आहेत. भीतीने त्यांना नंतर एक सभ्य कारण मिळवून दिलं, एवढंच. आणि कायदा त्यांना नेहमी अडवतोच असंही नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारा पोटनियम मान्य केला.

आमच्याकडे दोन जण आले. एक कंपनीचा मॅनेजर, कंपनी लीजसकट. दुसरं तरुण जोडपं, ती नर्स, तो लॅबमध्ये. भाडं दोघांनाही मान्य. जोडप्याचं आडनाव ऐकून सोसायटीच्या कमिटीतले एक काका जिन्यात थांबवून म्हणाले, "अरे, उद्या उठले नाहीत तर?" मॅनेजरबद्दल त्यांनी हे विचारलं नव्हतं. मी त्यांना कलम २४ सांगितलं. ते म्हणाले, "तसं नाही रे." मग कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

जोडप्याला जागा दिली. दोघांच्या सॅलरी स्लिप पाहिल्या, पोलिसांना द्यायची माहिती दिली, करार नोंदवला, तेहतीस महिन्यांचा. मॅनेजरला घाई नव्हती, त्याला दुसरीकडे लगेच मिळाली. जोडप्याच्या आधीच्या घरमालकांना फोन केला तर ते वीस मिनिटं बोलले. भाडं पाच तारखेच्या आत यायचं, हे पहिल्या दोन मिनिटांत सांगून झालं. उरलेली अठरा मिनिटं गिरगावातली त्यांची वडिलोपार्जित चाळ, तिचे सत्तावीस भाडेकरू आणि तीस वर्षं चाललेला एक दावा.