घरच्या भाजीचे बियाणे राखणे व अदलाबदल करणे: तुमचा हक्क आणि घ्यावयाची काळजी

परसात, गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर लावलेल्या गावरान भाजीचे बी धरून ठेवायला, पुढच्या हंगामात पेरायला आणि शेजाऱ्याशी अदलाबदल करायला कोणताही परवाना लागत नाही. यासाठी कोणी "नोंदणी फी" किंवा "परवाना शुल्क" मागत असेल तर देऊ नका. घरगुती बियाण्याच्या देवाणघेवाणीसाठी असा परवाना कायद्यात नाही. तुम्ही अकोल्यात असा किंवा गाझियाबादला, खाली दिलेले दोन्ही कायदे केंद्राचे असल्यामुळे नियम तोच आहे.

कायदा काय सांगतो?

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यातील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बियाणे राखण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. वाण कंपनीच्या नावावर नोंदलेले असले तरी हा हक्क राहतो. बंधन एकच आहे. नोंदणीकृत वाणाचे बियाणे ब्रँडेड म्हणून, म्हणजे पाकिटात घालून नाव-लेबल लावून विकता येत नाही.

येथे "वाण" आणि "बियाणे" या दोन शब्दांत गल्लत होते. नोंदणी वाणाची होते. तुमच्या डब्यातले बी तुमचेच असते. ज्या गावरान वाणाची कोणाच्याच नावावर नोंद नाही, त्यावर मुळात कोणाची मक्तेदारी नाही.

या कायद्यातील "शेतकरी" या शब्दाच्या व्याख्येत सातबाऱ्याची (उत्तर प्रदेशात खतौनीची) अट नाही. पारंपरिक वाण निवडून जपणारी व्यक्तीही त्यात येते. लाभाच्या अनेक योजनांमध्ये जमिनीचा उतारा आधी मागतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरा कायदा बियाणे अधिनियम, १९६६. त्यातील कलम २४ नुसार, स्वतः पिकवलेले बियाणे स्वतःच्या जागेवरून थेट दुसऱ्याला पेरणीसाठी दिले किंवा विकले, तर त्या व्यवहाराला हा कायदा लागू होत नाही. मात्र बियाणे विक्रीचा धंदा करायचा असेल तर बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे परवाना घ्यावा लागतो. हंगामात चार शेजाऱ्यांना दोडक्याचे बी देणे हा धंदा नव्हे. प्रदर्शनात स्टॉल लावून विकायचे ठरवले असेल तर आधी जिल्हा कृषी कार्यालयात विचारून घ्या.

२०१९ मध्ये गुजरातेत बटाट्याच्या एका नोंदणीकृत वाणावरून पेप्सिको कंपनीने शेतकऱ्यांवर दावे लावले होते. देशभर टीका झाल्यावर त्याच वर्षी ते मागे घेतले गेले. त्या बातम्यांमुळे घरचे बी राखायलाही लोक घाबरू लागले; तसे घाबरण्याचे कारण नाही.

कोणते बी राखण्याजोगे?

पाकिटावर "संकरित", "हायब्रीड" किंवा "एफ-१" लिहिले असेल तर त्या पिकाचे बी पुढे देऊ नका. ते उगवते, पण रोपे एकसारखी निघत नाहीत आणि घेणाऱ्याचा हंगाम वाया जातो. गावरान, सुधारित किंवा सरळ वाणाचे बी राखा.

नवख्यांनी वाल, घेवडा, चवळी, वाटाणा, मेथी, टोमॅटो यांपासून सुरुवात करावी. यातील बहुतेकांचे परागीभवन त्याच फुलात होते, त्यामुळे शेजारच्या वाणाची भेसळ कमी. दुधी, दोडका, कारले, काकडी, भोपळा यांचे तसे नाही. मधमाशी एका वेलावरून दुसऱ्या वेलावर जाते, आणि शेजारच्या गच्चीतला वेल तुमच्या हातात नसतो. म्हणून उमलण्याच्या आदल्या वेळी मादी फूल आणि नर फूल कागदी पिशवीत बांधून ठेवा. उमलल्यावर नर फुलाचे पराग हाताने मादी फुलाला लावा, पुन्हा पिशवी बांधा आणि त्या फळाला दोरा बांधून खूण करा. दुधीचे आणि दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, भोपळ्याचे पहाटे. वेळ चुकली तर मधमाशी आधी पोहोचते.

पालक आणि बीट जवळजवळ फुलू देऊ नका. आपला देशी पालक बीटाच्याच कुळातला आहे, त्याचे पराग वाऱ्याने उडतात आणि दोघांचा संकर होतो.

कडू दुधीबाबत सूचना: अदलाबदलीत आलेल्या बियाण्याच्या वेलाला कडू फळ लागू शकते. भेसळ झालेले फळ दिसायला व चवीला नेहमीसारखेच असते. कडूपणा त्या बियांपासून उगवलेल्या पुढच्या वेलावर दिसतो. म्हणून दुधी, काकडी, दोडका शिजवण्यापूर्वी छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका, फळ फेकून द्या आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नका. कडू दुधीच्या रसाने जीवाला धोका होतो. त्या वेलाचे बीही राखू नका.

बी काढणे व साठवणे

बियाण्यासाठी फळ वेलावरच पूर्ण पिकू द्या. खाण्यासाठी काढतो ती काकडी बियाण्यासाठी कच्ची असते. ती पिवळी पडून मऊ व्हायला हवी. दुधी वाळून टणक व्हावा. टोमॅटोचा गर बियांसकट एक-दोन दिवस आंबवा, मग धुऊन सावलीत वाळवा. ज्या झाडाच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडले आहेत किंवा पाने आकसली आहेत, त्याचे बी घेऊ नका, कारण काही रोग बियाण्यातूनच पुढे जातात.

बी वाकले तर ओलसर आहे, तुटले तर वाळले आहे. चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. दिल्लीकडे मेथी, पालक, कोथिंबीर यांचे बी उन्हाळा चढू लागताच तयार होते आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. त्याआधी बाटल्या बंद झालेल्या बऱ्या.

देण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ उगवल्या तर बी चांगले. पुडीवर वाणाचे नाव, गाव, काढणीचा महिना व वर्ष लिहा.

मदत कोठे मिळते?

घरगुती अदलाबदलीला थेट अनुदान नाही. पण जुने वाण वर्षानुवर्षे जपले असेल तर पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरणाकडे दोन गोष्टींसाठी अर्ज करता येतो. एक, वाणाची "शेतकरी वाण" म्हणून नोंदणी. पीक अधिसूचित यादीत असावे लागते आणि शेतकऱ्याला शुल्क नाही. दोन, वाण संवर्धनाचे पुरस्कार: समूहाला १० लाख रुपये, व्यक्तीला दीड लाख किंवा १ लाख रुपये. प्राधिकरण नवी दिल्लीत असून पुण्यात शाखा आहे. अर्ज भरायला जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची मदत घ्या.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक घरातूनच उभी केली. बायफ संस्थेने साथ दिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून बी नेणाऱ्याने हंगामानंतर दुप्पट परत करायचे असते. तुमच्या बचत गटात किंवा सोसायटीत हीच अट ठेवता येईल.

गाझियाबादमधील राष्ट्रीय जैविक व नैसर्गिक शेती केंद्र अनेकांना वेस्ट डीकंपोझरच्या बाटलीमुळे माहीत आहे. सहभागी हमी पद्धतीचे (पीजीएस-इंडिया) सचिवालयही तेथेच आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासून जैविक प्रमाणपत्र मिळवू शकतो. घरापुरत्या भाजीला याची गरज नाही. जैविक म्हणून विकायची असेल तर विचार करा. महाराष्ट्रातील वाचकांना नागपूरचे प्रादेशिक केंद्र जवळ पडेल.