टाइल कुठल्या कंपनीची होती?

अमेरिकेतल्या जुन्या घरांत जमिनीवर ९ इंची चौकोनी टाइल दिसली, की जरा थांबा. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. टाइल धड असेपर्यंत फारसा धोका नाही. फोडली, घासली की तंतू उडतात. आजार मात्र कित्येक दशकांनी कळतो. इथेच खरी गोची आहे. भरपाई मागणाऱ्या कामगाराला सांगावं लागतं, की तरुणपणी आपण कुठल्या कंपनीचा माल हाताळला. पावत्या कोण जपतो हो? मग जोडीदारांच्या आठवणी, जुन्या जाहिराती हाच पुरावा. न्यू जर्सीच्या काँगोलियम कंपनीने २००३च्या अखेरीस दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१०मध्ये दावेदारांसाठी ट्रस्ट झाला. तिथेही माल ओळखावाच लागतो. अशा खटल्याची फाइल हाती आली, तर थेट निकालावर जाऊ नका. आधी कामगाराची जबानी वाचा. खोक्यावर काय छापलं होतं, हेसुद्धा त्याला विचारलेलं असतं.